वाळूच्या पटावरील खिंड

एकदा एक तरुण शिष्य आपल्या वृद्ध वस्तादांना सोबत घेऊन राजधानीतील पटयुद्धांच्या मेळ्याला निघाला. दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी साठ शिपायांची तुकडी घेऊन उत्तरेची खिंड जिंकावी, अशी त्याला राजाज्ञा झाली होती. ती आज्ञा हाती पडल्यापासून त्याच्या मनात एकच विचार घोळत होता. आपल्या एका शब्दासरशी साठ माणसे त्या खिंडीत शिरणार. आणि तो शब्दच चुकला तर? हे भय त्याने कोणापाशीही उघड केले नव्हते. नायकाने भिऊ नये, भ्यालाच तर ते कोणाला कळू देऊ नये, अशी त्याची दृढ समजूत होती.

मेळा मोठा नामांकित होता. लांबरुंद मेजांवर वाळू पसरून तिच्यात टेकड्या, ओढे आणि तटबंद्या रचलेल्या होत्या. त्यांवर बोटाएवढे शिशाचे शिपाई मांडून हौशी माणसे लढाया खेळत होती. पडलेला शिपाई उचलून टोपलीत टाकायचा आणि नवा डाव मांडताना पुन्हा उभा करायचा, असा तेथील रिवाज होता.

"काय हो काका, तुमचे घोडदळ ओढ्यावर पाणी प्यायला थांबले की काय?" एका मेजावरून कोणी विचारले.

"पिऊ द्या बापडे! तुमच्या तोफांना तरी अजून कुठे कंठ फुटलाय?" पलीकडून उत्तर आले आणि हशा पिकला.

शिष्याला मात्र हसू आले नाही. एका व्यापाऱ्याच्या दुकानात रंगवलेले शिपाई पेट्यांतून ओळीने आडवे ठेवलेले होते. ते पाहताच त्याला आपली साठ माणसे आठवली.

"या, नायकसाहेब! हातात घेऊन तर पाहा," व्यापारी म्हणाला. "मिशीचा केसन् केस मोजून घ्या. आमचा शिपाई पगार मागत नाही, पळून जात नाही, आणि बायकोला तर मुळीच घाबरत नाही!"

"मला साठ हवेत," शिष्य म्हणाला. "पण आधी एक डाव खेळून पाहायचा आहे."

त्याच्या सांगण्याप्रमाणे व्यापाऱ्याने वाळूत खिंड रचली. दोन्ही बाजूंना टेकड्या, मध्ये चिंचोळी वाट, वाटेला एक वळण आणि दरबारात ऐकल्याप्रमाणे वळणाआड शत्रूचे स्वार. शत्रूच्या बाजूने स्वतः व्यापारीच खेळला. शिष्याने आपली तुकडी सरळ वाटेने आत घातली, वळणापाशी लपलेल्या स्वारांना अंगावर घेतले आणि पाठीमागच्या फळीने त्यांना कोंडले. अकरा शिपाई टोपलीत गेले, पण खिंड हाती आली.

"वा, नायकसाहेब! अकरांत खिंड म्हणजे फुकटच की!" व्यापाऱ्याने दाद दिली.

कित्येक दिवसांनी शिष्याचा श्वास मोकळा झाला. "वस्ताद," तो उल्हासाने म्हणाला, "आता मी निर्धास्त झालो. दसऱ्यानंतर असेच करायचे."

वृद्धाचा चेहरा एकाएकी उतरला. व्यापाऱ्याकडे वळून ते म्हणाले, "शेटजी, तुकडी वळणावर पोहोचली होती, तेथवर डाव पुन्हा मांडा." आणि शिष्याला म्हणाले, "पागोटे काढ. गुडघे टेक. हनुवटी वाळूला लागू दे आणि एक डोळा मीट."

"वस्ताद, चारचौघांत?"

"चारचौघांतच."

शिष्य ओशाळून खाली वाकला. भोवती माणसे जमली. "सुई हरवली का हो?" एकाने विचारले. "छे, नवससायास चालले असतील!" दुसरा म्हणाला.

शिष्याचे तिकडे लक्ष नव्हते. मघाशी वितीएवढ्या दिसणाऱ्या टेकड्या आता आभाळापर्यंत चढल्या होत्या. समोर आपल्याच शिपायांच्या पाठी, त्यांच्यापुढे वाळूची भिंत. शत्रूचे स्वार कोठे उभे आहेत हे त्याला पक्के ठाऊक होते. तरी ते त्याला दिसेनात. त्याने मान वळवून मागे पाहिले. मागची फळी दिसली नाही, शिपाई आले होते ती वाटही दिसली नाही.

"काय दिसते?" वस्तादांनी विचारले.

"काही दिसत नाही."

"तुझे अकरा जण कोठे पडले, ते दाखव."

त्याला दाखवता येईना. तो उठून उभा राहिला. गेलेले भय दुप्पट होऊन परतले होते.

"वस्ताद, जरा कुठे धीर आला होता," तो काकुळतीने म्हणाला. "तो का हिरावून घेतलात?"

वृद्ध मंद स्वरात म्हणाले, "बाळा, तू निर्धास्त झालो म्हणालास, त्या क्षणी मी भ्यालो. तुझ्या वयाचा असताना मीही एक लढाई टेकडीवरून पाहिली होती. खालून आरोळ्या ऐकू येत होत्या. मला तो जयघोष वाटला, म्हणून आणखी माणसे पाठवली. उंचावरून सारे स्पष्ट दिसते, म्हणून भय वाटत नाही. परंतु मरणारा माणूस उंचावर नसतो. तुझे भय खोटे नाही. ते तुला काहीतरी विचारते आहे आणि तू त्याचे तोंड दाबून धरले आहेस. त्याचे उत्तर या मेजावर मिळणार नाही."

शिष्याने पागोटे पुन्हा डोक्यावर ठेवले. मग त्याने व्यापाऱ्याला नम्रपणे सांगितले, "क्षमा करा, शिपाई आज नकोत." तेथून तो थेट दरबारात गेला आणि स्वारीसाठी आणखी आठ दिवसांची मुदत मिळवून आला.

तिसऱ्या दिवशी लाकूडतोड्याच्या वेषात तो उत्तरेच्या खिंडीत शिरला. सोबतीला तुकडीतला एक मुरलेला शिपाई होता. कडे दोन्ही बाजूंनी अंगावर येत होते. वळण जवळ आले तसा शिष्याचा पाय अडखळला.

"नायक, भ्यालात काय?" शिपायाने हळूच विचारले.

नाही हा शब्द शिष्याच्या ओठांवर आला होता. तो त्याने गिळला. "होय," तो म्हणाला. "फार भ्यालो आहे."

शिपाई थांबला. त्याने डोक्यावरची मोळी खाली ठेवली.

"मग सांगतो," तो म्हणाला. "माझा थोरला भाऊ याच वळणावर गेला. वरून धोंडे लोटले त्यांनी. स्वार नव्हतेच इथं. ते तुम्ही दरबारात ऐकलं, तेवढंच. आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, पण तुम्ही एवढे निधड्या छातीचे, तुमच्यापुढं बोलायचं कुणी? कड्यामागून धनगरांची एक वाट वर जाते. लांबची आहे, पण माणूस जिता पोहोचतो."

शिष्याने मान वर करून कड्याकडे पाहिले. काठावर धोंडे रचून ठेवलेले होते.

"ती वाट दाखव," तो म्हणाला.

जो अधिकारी आपले भय लपवतो, त्याच्यापासून त्याची माणसे सत्य लपवतात.