बयजा कासारणीनं न भरलेला चुडा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. येरळा नदीला बाराही महिने पाणी असायचं, इतकी जुनी. नदीकाठच्या पिंपळसांगवीत बयजा नावाची एक कासारीण राहायची. काचेच्या बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकायच्या, घरोघर जायचं आणि बायाबापड्यांचे हात भरायचे, हा तिचा धंदा. तिच्या हाताला असा गुण होता, की बांगडी मनगटावर कधी चढली ते बाईला कळायचंसुद्धा नाही, असं म्हणतात. खुरपून खुरपून राठ झालेला हात असला तरी बयजा तो मांडीवर घ्यायची, तळवा दाबायची, माहेरची खुशाली विचारायची. बाईचं उत्तर संपेपर्यंत डझनभर बांगड्या चढलेल्या असायच्या.

पुढे आलेला हात परत पाठवायचा नाही, एवढंच तिचं व्रत होतं. ज्या घराची पायरी गाव चढत नसे तिथंही ती जायची. चोरी करून पळालेल्याची बायको असो, तमाशात नाचणारी असो, बयजा पाट मागायची आणि बसायची. कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "अगं, मनगट समद्यांचं गोलच असतंय!"

त्या गावचा पाटील बहिर्जी. माणूस वाईट नव्हता, पण मोठ्या घराशी सोयरीक म्हटली की त्याला दुसरं काही दिसत नसे. त्यानं आपली लेक ठकू एका इनामदाराला द्यायचं ठरवलं. इनामदारांची साठी उलटलेली, तीन बायका देवाघरी गेलेल्या, आणि चौथीसाठी त्यांनी नवंकोरं पागोटं बांधलेलं. ठकू अजून अंगणात सागरगोटे खेळत होती.

लग्नाच्या दिवशी हिरवा चुडा भरायला बयजाला बोलावणं आलं. चुड्याशिवाय नवरी बोहल्यावर उभी राहत नाही, हे काय सांगायला हवं? बयजानं ठकूचा हात मांडीवर घेतला. हात कसला, घट्ट आवळलेली मूठ होती ती. बयजानं तळवा चोळला, गुदगुल्या केल्या, गमतीजमती सांगितल्या. मूठ काही उघडेना. मग ठकू तिच्या कानाशी लागून म्हणाली, "मला न्हाई जायाचं, आक्का."

बयजानं माळा उचलून खांद्यावर टाकल्या आणि म्हणाली, "मी न्हाई भरत."

बहिर्जी पाटील लालबुंद झाला. "तू कोण न्हाई म्हननारी? उद्या न्हावी म्हनंल दाढी न्हाई करत, कुंभार म्हनंल मडकं न्हाई देत. मग गाव चालायचं कसं?"

जमलेल्यांनी माना डोलावल्या. आणि खरं सांगू का, पाटलाचं बोलणं अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं. बयजालाही ते कळत होतं. मग म्हणाली, "पाटील, मी पोरीला न्हाई म्हनत न्हाई. तिनं हात पुढं करू द्या, आत्ता भरते. पर ही मूठ हाय. मूठ उकलून चुडा भरायचं काम माझं न्हवं."

"मग या गावात पाय ठिवायचा न्हाई!"

"बरं," बयजा म्हणाली. सगळा जन्म त्या गावात गेलेला, जाणार कुठं? वेशीबाहेरच्या चिंचेखाली ती जी बसली ती तिथंच.

पाटलानं शेजारच्या गावचे कासार आणवले. एकानं तेल लावलं, दुसऱ्यानं लोणी लावलं. पण बांगडी मुठीशी आली की टचकन वाढायची. आपल्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत ना, वाढली म्हणतात. तर इतक्या बांगड्या वाढल्या, इतक्या वाढल्या, की अंगणात कोंबडीला पाय ठेवायला जागा उरली नाही, असं म्हणतात. पण ठकूच्या हातावर साधा ओरखडा उठला नाही.

तिकडे वऱ्हाड वेशीवरच्या मारुतीच्या देवळात येऊन थांबलेलं. पाटलानं गोंदा न्हाव्याला पिटाळलं, "जा, म्हनावं जरा दम धरा, बांगड्या वाढल्यात." गोंदा धावत सुटला. देवळाशी पोचला तेव्हा छातीचा भाता झालेला, आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "इनामदार, नवरीचा चुडा वाढला!"

आता चुडा वाढतो कधी? नवरा गेल्यावर! इनामदारांनी आधी स्वतःची छाती चाचपली. मग भावाला विचारलं, "मी हाय न्हवं?" भाऊ म्हणाला, "हायसा की." "मग हाय तवर घरी चला," असं म्हणून त्यांनी गाडी वळवायला लावली. बैल असे उधळले की नवंकोरं पागोटं देवळातच राहिलं, असं म्हणतात.

आठ दिवस पाटील ओट्यावरून उठला नाही. रोज ठकू अंगणात खेळायची आणि तो तिच्याकडे बघत बसायचा. नवव्या दिवशी तो चिंचेखाली गेला. चुकलो म्हणणं पाटलाला कुठून जमणार! त्यानं बयजाच्या माळा उचलल्या, स्वतःच्या खांद्यावर टाकल्या आणि म्हणाला, "चला आक्का, घरच्या बायकांचं हात मोकळं हाईत." भर दिवसा, साऱ्या गावादेखत, पाटील कासारणीचं ओझं वाहत पेठेतून गेला.

पुढे ठकू मोठी झाली. तिच्या मनासारखं स्थळ आलं आणि बयजा पुन्हा चुडा भरायला बसली. तेव्हा तिनं आधी विचारलं, "भरू का?" ठकूनं दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "भरा." बयजाला इतकं रडू आलं की दोन बांगड्या जास्तच भरल्या गेल्या.

आता पिंपळसांगवीत कासार तालुक्याहून मोटारसायकलवर पेटी बांधून येतो. पण लग्न म्हटलं की मांडवातला बँड थांबवतात आणि तो साऱ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, "बयजाक्काच्या नावानं इचारतो, भरू का?" पोरी मुद्दाम गप्प राहतात, करवल्या खिदळतात, आई डोळे वटारते. मग "भरा" येतं आणि बँड पुन्हा सुरू होतो.

आजवर दोनदा "नको" असं उत्तर आलं आहे, असं म्हणतात. दोन्ही वेळा कासारानं पेटी मिटली, आणि त्याला कुणी का म्हणून विचारलं नाही.