पिस्टन मोठे, सिलिंडर तेवढेच!

"पिस्टन मोठे बसव, पण सिलिंडर बाहेरून सूतभरही वाढता कामा नये! आणि गाडी न तापता घाट चढली पाहिजे. नाही चढली, तर गॅरेजची जागा खाली कर!"

हुकूम तळेखोलच्या सरकारांचा. संस्थान विलीन होऊन बारा वर्षं झाली होती, पण सरकारांचा आवाज काही विलीन झाला नव्हता. परवा घाटात मेव्हण्याची गाडी पुढे निघून गेली, हे त्यांचं खरं दुखणं.

शेवंता मिस्त्रीण जुनं इंजिन खोलून बसली होती. समोर दोन खोकी. एकात मूळ मापाचे पिस्टन आणि जाड भिंतींचे सिलिंडर. दुसऱ्यात सरकारांनी मुंबईहून मागवलेले गलेलठ्ठ पिस्टन आणि ते मावावेत म्हणून आतून कातून पातळ केलेले सिलिंडर.

"सरकार, या इंजिनाला पाणी नाही, हे वाऱ्यावर थंड होतं. पातळ सिलिंडर तापला की वाकडा होणार!"

"मला शिकवतेस?"

"छे! आधी असाच एक कोट बसवून बघू, एवढंच."

तिनं सरकारांच्या लग्नातला कोट मागवला. शिंप्याला म्हणाली, "कोट बाहेरून तेवढाच, आतले सरकार दुप्पट. बसव!" शिंप्यानं अस्तर काढलं, शिवणीत दुमडून राखलेलं जास्तीचं कापड, म्हणजे सगळी माया, सोडवली. दोघा नोकरांनी ओढून बटणं लावली.

"बसला की नाही?" सरकार श्वास रोखून म्हणाले.

"गार आहात तोवर बसला. आता घाट चढा. पायी!"

सरकार इरेला पेटून निघाले. मागोमाग शेवंता आणि दिवाणजी. दुसऱ्या वळणावर घामाच्या धारा लागल्या. तिसऱ्या वळणावर एक बटण दरीत गेलं. मग टर्रर्र! पाठीवरची शिवण खालपासून वरपर्यंत उसवली. दिवाणजी घाईघाईनं आभाळ न्याहाळू लागले.

"हा कसला कोट? यात मायाच ठेवली नाही!" सरकार गरजले.

"मीही तेच म्हणत होते, सरकार! तापून फुगायचं तर कोटाला माया लागते, सिलिंडरला जाड भिंत. कोट फाटला तर वरून शाल घेता येते. इथं इंजिन फाटलं, तर गाडी ओढायला मेव्हण्यांनाच दोर घेऊन बोलवावं लागेल!"

सरकारांनी डोळे वटारले. मग असे गदगदून हसले की उरलेली दोन बटणंही उडाली.

"दिवाणजी, तुमची शाल द्या मला! गॅरेजची जागा हिच्या नावावर करा. आणि पोरी, जाड भिंतींचंच खोकं उघड!"