अधिक महिना आणि अडून बसलेली लायब्ररी

फार पूर्वी, राजे होते आणि संगणकही होते अशा काळात, एका नगरात एक वेबकारीण राहत असे. वेबसाइट करून घ्यावी तर हिच्याकडूनच, असं लोक म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं.

नगरातल्या नेत्रवैद्यांनी तिला रुग्णांना तिथी कळवणारी वेबसाइट करायला सांगितली. त्यांचं औषध डोळ्यांत दोनदा घालावं लागे, दुसऱ्यांदा बरोबर महिन्याने. वेळ चुकली की डोळे गेले. डोंगरापलीकडची एक धनगर म्हातारी आषाढातल्या पंचमीला पहिलं औषध घालून गेली होती. तिला माणसं नुसती सावलीसारखी दिसत. वेबकारणीनेच तिला हात धरून पायऱ्या उतरवून दिल्या होत्या. तिची दुसरी तिथी आता ही वेबसाइट कळवणार होती.

तिथ्यांचं गणित काही कुणी रोज नव्याने मांडत बसत नाही. कुणीतरी तो कोड लिहून सगळ्यांसाठी मोकळा ठेवलेला असतो, त्याला लायब्ररी म्हणतात. नगरात अशा दोन होत्या. एक देखणी, रंगीत कॅलेंडर दाखवणारी. जो तो तीच वापरी. दुसरी साधी, तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे.

वेबकारणीने दोघींना एकच प्रश्न टाकला: आषाढ शुद्ध पंचमीनंतर महिन्याने कोणती तिथी? कारण त्या वर्षी श्रावणाच्या आधी अधिक श्रावण येत होता. म्हणजे आपला धोंड्याचा महिना, जावयांच्या चंगळीचा.

देखणीने क्षणात उत्तर दिलं, श्रावण शुद्ध पंचमी. अधिक महिना गिळून टाकला की हो तिने! म्हातारी महिनाभर उशिरा आली असती. साधी मात्र अडून बसली. पडद्यावर एवढंच उमटलं, अधिक महिन्याचा हिशोब मला येत नाही.

वेबकारणीने साधी उचलली. पेठेतले वेबकार हसले. वैद्यबुवांना आधीच घाई, ते वैतागले.

"अगं, दोघींनाही येत नाही, मग देखणी घे की!"

"बुवा, हिला काय येत नाही ते ही सांगते. तेवढं मी लिहीन. देखणीची ही एक चूक मला सापडली. बाकीच्या ती हसत हसत सांगेल आणि आपण मान डोलवू."

मग तिने पंचांग करणाऱ्या जोशीबुवांकडे बैठक मारली, अधिक महिन्याचं गणित समजून घेतलं आणि कोडात उतरवलं. लिहिलेलं त्याच लायब्ररीत परत ठेवलं, लागेल त्याने घ्यावं म्हणून. केवढं मोठं मन बाईचं!

म्हातारीच्या सुनेला निरोप वेळेवर गेला. अधिक श्रावणातल्या पंचमीला दोघी वैद्यांच्या दारात हजर. नगराचा बैलबाजारही त्याच दिवशी होता, पण त्याची वेबसाइट देखणीच्या भरवशावर, तिने सगळ्यांना महिनाभर उशिराची तिथी कळवलेली. मैदानात कोतवाल आणि त्याचा एकुलता एक बैल.

दुसरं औषध पडलं आणि काही दिवसांनी म्हातारीच्या डोळ्यांवरची पट्टी सुटली. समोर वेबकारीण उभी होती. म्हातारीने तिला निरखून पाहिलं.

"नाकात मोरणी घालतेस होय गं? मला कुठं दिसली होती तवा."

वैद्यबुवांनी वेबकारणीपुढे हात जोडले. बाजारवाले ओशाळे होऊन तिचा कोड मागायला आले, तेव्हा तिने सांगितलं, तो साध्या लायब्ररीतच आहे, न्या.

तात्पर्य एवढंच, पोरांनो आणि थोरांनो: मदतीला असा घ्यावा, जो अडला की अडलो म्हणून सांगतो. बाकीचं त्याला शिकवता येतं.