दादाच्या बाजूचा उजेड

"दादाच का फुटला?" धाकट्या दिव्याने सगळ्यांना विचारलं.

फार मागे, एका महाराजांच्या उघड्या टपाच्या विलायती मोटारीला दोन दिवे होते. थोरला दिवा खडा लागून फुटला आणि धाकटा रुसून विझला.

दसऱ्याला झेंडूचा हार लेवून मोटार तिन्हीसांजेला राजवाड्यामागच्या खासगी रस्त्यावर मजेत फेऱ्या मारू लागली. महाराज स्वतः चालवत होते.

"पेट की रे, रुसूबाई!" मोटारीचे रबरी भोंगाकाका म्हणाले.

"नाही जा!"

"अरे, दादाच्या बाजूला रस्त्यात लांडोरीची पिल्लं बसलीत! महाराजांना दिसत नाहीयेत!"

धाकट्याने खिळखिळी मान करकरत तिकडे वळवली आणि भक्कन पेटला. मोटार थांबली. पिल्लं तुरुतुरु पळाली.

"वाकडा दिसतोस," काका हसले.

"दिसू दे!" म्हणत धाकट्याने परतीच्या अख्ख्या रस्त्यात दादाचीच बाजू उजळत नेली.