गंगव्वाचा खोकला

“…पण धूर बाहेर गेला तर अनुष्ठान मोडत नाही का, अप्पा?”

मल्लिनाथ मास्तरांनी आसनावरूनच विचारलं. चन्नवीरअप्पा देवघरात येताना दार उघडंच टाकून आले होते. उत्तराची वाट न पाहता मास्तरांनी उठून दार लावलं, कडी घातली आणि पुन्हा आसनावर बसले.

औशाजवळच्या त्या गावात अप्पा मठात राहत. मास्तर त्यांचे शिष्य. शाळेत गणित शिकवत. हिशेबाला पक्के, नेमाला त्याहून पक्के. हा नेम मात्र त्यांनी कुणाला न विचारता घेतला होता. एकवीस दिवस, सकाळचा जप पुरा होईपर्यंत, धुपाटण्यातला निखारा विझू द्यायचा नाही आणि धुराला बाहेर वाट द्यायची नाही. खिडकीच्या फटींत त्यांनी चिंध्या कोंबल्या होत्या. आज एकविसावा दिवस. तो पाहायलाच अप्पांना बोलावलं होतं.

पलीकडच्या खोलीत त्यांची आई गंगव्वा खोकत होती. दमा जुना. त्या खोलीतून बाहेर यायचं तर देवघरातूनच यावं लागे.

अव्वा रोजच खोकते, मास्तरांनी सांगितलं, पण आपलं चित्त एकदाही ढळलेलं नाही. सांगताना त्यांची मान जरा ताठ झाली.

अप्पा भिंतीला टेकून बसले. धूर इतका दाटला होता की समईची ज्योत नुसता पिवळा ठिपका वाटत होती. मास्तरांनी निखाऱ्यांवर आणखी चिमूटभर ऊद टाकला. माळ सरकू लागली.

खोकला… मणी. खोकला… मणी.

मग नुसतेच मणी.

अप्पांनी हात पुढे केला आणि माळ मुठीत धरली.

“बाराच मणी राहिलेत, अप्पा.”

“ऐक.”

मास्तरांनी कान दिला.

“काहीच ऐकू येत नाही.”

“हो.”

मास्तर धडपडत उठले. आतलं दार ढकललं, ते पुरतं उघडेना. दाराला लागूनच गंगव्वा पडली होती. ओठ काळेनिळे झाले होते.

मास्तरांनी तिला कसंबसं उचलून अंगणात आणलं. तोवर अप्पांनी कडी काढली होती, चिंध्या ओढून टाकल्या होत्या. धुपाटणं अंगणात नेऊन त्यांनी निखाऱ्यांवर तांब्या पालथा केला, आणि शेजाऱ्याला उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडे पिटाळलं.

मास्तर आईला छातीशी टेकवून बसले होते. अव्वा, अव्वा म्हणत होते.

पुष्कळ वेळानं तिच्या छातीत शिट्टीसारखा आवाज झाला. मग ती खोकली. तो खोकला ऐकून मास्तर रडले.

नर्सबाईंनी औषधाची वाफ दिली, आज हिला एकटं सोडू नका म्हणून बजावलं, आणि मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी मागवली. गंगव्वा बाजेवर डोळे मिटून पडली.

गाडीची वाट पाहताना मास्तर अप्पांसमोर येऊन उभे राहिले. डोळे लाल, हात रिकामे.

“प्रायश्चित्त सांगा, अप्पा.”

अप्पांनी बाजेकडे पाहिलं.

“तिच्याजवळ बस. श्वास मोज. चुकलास, तर पहिल्यापासून.”