मागून येणारी पावले

घाटमाथ्यावरच्या एका गावात एकदा असे घडले, की एका मुलीला तिच्या मागून कोणीतरी चालत असल्याचे ऐकू येऊ लागले. मुलीचे नाव वैजयंता. वय अठरा. वडील सुतारकाम करीत; गावात त्यांना सगळे अण्णा म्हणत, आणि घरीही तेच नाव रूढ झाले होते. गाव अशा उंचीवर होते, की आषाढात धुके एकदा खाली उतरले म्हणजे चार-चार दिवस हलत नसे. शेजारच्या अंगणात कोण उभे आहे, हे आवाजावरूनच ओळखावे लागे.

वैजयंताने दूरच्या शहरातील एका नामांकित महिला महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्ज केला होता. तिने निवडलेल्या वर्गात अवघ्या चाळीस जागा होत्या आणि अर्ज हजारांवर जात. गावातून आजवर कोणी तिथे गेले नव्हते, निदान कोणाच्या ऐकिवात तरी नव्हते. अर्जाबरोबर एक निबंध द्यायचा होता. 'मी कोण आहे' एवढाच विषय. वैजयंताने तो पुन्हा पुन्हा लिहिला आणि पुन्हा पुन्हा फाडला. शेवटी एका दुपारी गावच्या वाचनालयात बसून तिने पहिलेच वाक्य बदलले. तिने लिहिले, 'मला कशाचीही भीती वाटत नाही.' ते वाक्य तिला फार आवडले. त्याच्या आधाराने बाकीचा निबंध तासाभरात पुरा झाला. तिने तो पाकिटात घातला, टपालपेटीत टाकला आणि ती घरी निघाली.

वाचनालयापासून सुतारांच्या घराकडे जाणारी पायवाट वनखात्याच्या राखीव जंगलातून जाते. चार वाजले असतील. धुक्यात पुढची दहा-बारा झाडे तेवढी दिसत होती. त्या वाटेवर तिला प्रथम पावले ऐकू आली. ओल्या पाल्यावर कोणी सावकाश चालावे, तशी. ती थांबली, तेव्हा पावलेही थांबली. कोणी ओळखीचे असेल म्हणून तिने हाक दिली. उत्तर आले नाही. ती चालू लागली आणि मागची पावलेही चालू लागली.

दुसऱ्या दिवशी तेच झाले, तिसऱ्या दिवशीही तेच. मग मुलाखतीचे पत्र आले. घरात आनंद झाला, आईने शिरा केला. पण त्या दिवसापासून वैजयंताचे जेवण कमी झाले. ताटावर बसली तरी ती मनातल्या मनात प्रश्न घालून उत्तरे देत असे. पहाटे डोळा लागला, की दचकून उठे. मुलाखतीला सोळा दिवस उरले, मग बारा, मग नऊ. आणि तो आवाज आता केवळ जंगलात राहिला नाही. दुपारी ती अंगणात अभ्यासाला बसली, की कुंपणापलीकडच्या धुक्यात कोणी येरझाऱ्या घालीत असे. तिने वही मिटली, की चाल मंदावे. 'मला कशाचीही भीती वाटत नाही,' हे वाक्य ती पाठ करू लागली, की चाल वाढे.

तिने हे कोणालाही सांगितले नाही. सांगायचे तरी काय? अठरा वर्षांची, विज्ञान शिकलेली मुलगी, जिच्याकडे सारा गाव मोठ्या अपेक्षेने पाहतो आहे, ती दिवसाढवळ्या आवाजांना भिते?

मात्र एका दुपारी पिठाच्या गिरणीत शेजारच्या काकूंनी तिला सहज विचारले, की काल एस.टी.च्या थांब्यावर तू कोणाची वाट पाहत होतीस. मी एवढ्या हाका मारल्या, पण तू वळूनसुद्धा पाहिले नाहीस. काल वैजयंता दिवसभर घराबाहेर पडली नव्हती. दळणाचा डबा तिथेच टाकून ती निघाली, आणि पळतच द्वारकाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

द्वारकाबाई या गावच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. वयाची सत्तरी ओलांडलेली. लग्न केले नव्हते, एकट्याच राहत. चाळीस वर्षे त्यांनी गावातल्या मुलींना गणित शिकवले होते आणि वैजयंताचा अर्जही त्यांनीच मागे लागून भरून घेतला होता. त्यांनी मुलीला आत घेतले, डोके पुसायला पंचा दिला आणि तिचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. वैजयंताला वाटले होते, बाई हसतील, मन बळकट करायला सांगतील, किंवा आईसारखे म्हणतील की देवळात जाऊन गुरवाला विचारू. बाईंनी यातले काहीच केले नाही. त्यांनी फक्त विचारले, "पावलं पहिल्यांदा कधी ऐकू आली?"

वैजयंताने निबंध टाकला तो दिवस सांगितला. पहिले वाक्यही सांगितले.

बाई उठल्या, थर्मासमध्ये चहा भरला, काखोटीला एक जाड कांबळे मारले आणि पिशवीत तीन कप ठेवले. वैजयंताला तो तिसरा कप कळला नाही. पण विचारण्याचा धीर तिला झाला नाही.

दोघी जंगलाच्या वाटेला लागल्या. धुके इतके दाट होते, की बाईंच्या पातळाची किनारसुद्धा तिला मध्येच दिसेनाशी होई. थोडे अंतर गेल्यावर पावले आली. वैजयंताने बाईंचा दंड घट्ट धरला. बाईंचे पाऊल अडखळले नाही, की त्यांनी मागे वळूनही पाहिले नाही. पण त्यांनी मान किंचित कलती केली होती. त्या ऐकत होत्या.

त्या वाटेवर वनखात्याचे एक जुने, बंद पडलेले विश्रामगृह आहे. त्याची दारे-खिडक्या केव्हाच गेल्या आहेत. फरशीचा ओटा आणि वरचे छप्पर तेवढे शाबूत आहे. बाईंनी ओट्यावर कांबळे पसरले. एका कडेला स्वतः बसल्या, दुसऱ्या कडेला वैजयंताला बसवले आणि मधली जागा मोकळी ठेवली. तीन कप मांडून तिन्हींत चहा ओतला. मग धुक्याकडे तोंड करून, एखाद्या घरच्या मुलीशी बोलावे तशा स्वरात त्या म्हणाल्या, "ये बाळ. चालून चालून दमली असशील. बस इथं."

पावले ओट्याच्या अगदी जवळ येऊन थांबली. जंगलात एक पाखरूदेखील बोलत नव्हते. मधल्या कपातून वाफ वर जात होती, आणि ती वाफ सरळ न जाता मध्येच वाकत होती. समोर कोणी श्वास घेत असावे, तशी.

बाईंनी त्या रिकाम्या जागेला विचारले, "तुला कशाची भीती वाटते?"

बाईंनी घाई केली नाही. त्यांनी आपल्या चहाचे दोन घोट घेतले आणि तोच प्रश्न, तितक्याच शांतपणे, पुन्हा विचारला. तिसऱ्यांदा विचारला तेव्हा वैजयंताला एक आवाज ऐकू आला. तो तिचा स्वतःचाच होता.

"माझं नाव यादीत नसेल," ती म्हणाली, "आणि अण्णा काहीच बोलणार नाहीत. रागावणार नाहीत, काही नाही. नुसते रंधा मारत राहतील. मला त्याची भीती वाटते."

हे एकदा बाहेर पडल्यावर बाकीचे आपोआप आले. निवड झाली तर काय, याचीही तिला भीती होती. शहरातल्या मुलींसमोर आपली भाषा गावंढळ ठरेल. वसतिगृहात कोणाशी ओळख होणार नाही. आणि आई इथे एकटी स्वयंपाकघरात बसून राहील. ती बोलत होती, रडत होती, मध्येच थांबत होती. बाई मधल्या जागेकडेच पाहत होत्या आणि अधूनमधून मान हलवीत होत्या, जणू हे सारे ती मधली मुलगीच सांगत आहे.

शेवटी बोलण्यासारखे काही उरले नाही. बाई म्हणाल्या, "वैजयंता, भीती ही तुझ्या घरातलीच मुलगी. तू जन्मलीस तेव्हापासून ती तुझ्याबरोबर वाढली. कागदावर एक वाक्य लिहून तू तिला घराबाहेर काढलंस. मग ती जाईल कुठं? तिला दुसरं घर ठाऊक नाही. ती तुझ्या मागंच येणार. तू पळालीस तर तीही पळणार, आणि कधीतरी तुझ्या पुढं जाऊन थांब्यावर उभी राहणार. तिला घालवू नकोस. जवळ बसव, तिचं काय म्हणणं आहे ते ऐक. ऐकलं, की ती गप्प बसते. तेवढंच तिला हवं असतं."

दोघी उठल्या. कांबळे उचलताना वैजयंताला दिसले, की मधल्या जागेवर एक ओला डाग पडला होता; भिजलेल्या कपड्यांनी कोणी बराच वेळ बसून गेल्यासारखा. छप्पर तिथे गळत नव्हते. तिने बाईंकडे पाहिले. बाईंनी कांबळ्याची घडी घातली. घरी परतताना वाटेवर त्या दोघींखेरीज कोणाची चाहूल तिला लागली नाही. त्या रात्री ती पोटभर जेवली आणि सलग आठ तास झोपली.

मुलाखतीत तिच्यासमोर तोच निबंध होता. मुलाखत घेणाऱ्या तीन जणींपैकी एका वयस्क प्राध्यापिकेने चष्म्यावरून पाहत पहिल्याच वाक्यावर बोट ठेवले आणि हे खरे आहे का, म्हणून विचारले. वैजयंताने नाही म्हणून सांगितले. ते वाक्य चांगले वाटले म्हणून लिहिले. प्रत्यक्षात मला या क्षणीही भीती वाटते आहे, असे ती म्हणाली. प्राध्यापिकांनी काहीतरी टिपून घेतले. चांगले टिपले की वाईट, हे तिला कळले नाही.

पहिली यादी लागली. तीत तिचे नाव नव्हते.

तिने ते आईला सांगितले, आणि मग कोणाला मध्ये न घालता स्वतःच पडवीत जाऊन अण्णांना सांगितले. अण्णा रंधा मारीत होते. त्यांनी हात थांबवला नाही. ढलप्या पडत राहिल्या. तिला ज्या क्षणाचे भय वाटत होते, तो हाच, आणि नेमका तसाच समोर उभा ठाकला होता. ती तिथून हलली नाही. बाजूच्या फळीवर बसून राहिली. बऱ्याच वेळाने अण्णांनी रंधा खाली ठेवला. हात झटकीत ते म्हणाले, "उद्या खालच्या आळीत दार बसवायचंय. धरायला माणूस नाही. तू येशील?"

ती गेली. सबंध सकाळ तिने दाराची फळी दोन्ही हातांनी पेलून धरली आणि अण्णांनी बिजागऱ्या ठोकल्या. परतताना अण्णा म्हणाले, की मला बोलता येत नाही, हे तुला माहीत आहेच. ती म्हणाली, माहीत आहे. एवढेच झाले, पण ते दोघे इतके हळू चालले, की घरी यायला जेवणाची वेळ टळून गेली.

बारा दिवसांनी, काही जणींनी जागा सोडल्यावर, चाळीस जणींची दुसरी यादी आली. तीत सदतिसाव्या क्रमांकावर तिचे नाव होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी ती द्वारकाबाईंच्या पाया पडायला गेली. बाहेर तसेच धुके होते. इतके दिवस मनात राहिलेला प्रश्न तिने विचारला. त्या दिवशी जंगलात तुम्हाला पावले खरोखर ऐकू आली होती, की माझी समजूत काढण्यासाठी तुम्ही तसे केलेत?

बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "आली की. मला तर रोजच येतात. त्या दिवशी दोघींची आली, एवढंच."

वैजयंताला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. मग बाईंनीच सांगितले. अठराव्या वर्षी त्यांनाही याच महाविद्यालयाचे मुलाखतीचे पत्र आले होते. घरातल्यांना त्यांनी हसत निरोप दिला, जराही भीती वाटत नाही म्हणून सांगितले, आणि एस.टी.च्या थांब्यापर्यंत गेल्या. मागून पावले येत होती. गाडी आली, दार उघडले, आणि त्या वळून धावत सुटल्या. मुलाखत रद्द झाली, असे त्यांनी घरी सांगितले. आजवर हे कोणाला ठाऊक नव्हते.

"मला तिला बसवायचं सुचलं, ते फार उशिरा," बाई म्हणाल्या. "आता बसवते. रोज बोलतो आम्ही. पण मी म्हातारी झाले, वैजयंता. ती अजून अठराचीच आहे."

बाहेर, कुंपणापलीकडे, धुक्यात कोणी हलकेच चालत गेले. या वेळी ते वैजयंतानेही ऐकले. ती घाबरली नाही असे नाही. पण ती उठून गेली नाही. तिने बाईंचा हात हातात घेतला, आणि चाल थांबेपर्यंत ती त्यांच्याजवळ बसून राहिली.

या दिवसांत ज्यांच्या घरी एखादी मुलगी अर्ज भरून वाट पाहत बसली असेल, त्यांनी तिला यादी केव्हा लागणार हे विचारण्यापूर्वी, तुला कशाची भीती वाटते, एवढे विचारावे. आणि ती सांगेपर्यंत थांबावे.