लसूण कोणाच्या पाकिटात?

कांद्यावरची निर्यातबंदी उठणार, ही बातमी घोषणेआधीच फुटली आणि व्यापाऱ्यांनी गावोगावचा कांदा मातीमोल भावात उचलला. ठपका आला कृषी खात्यातल्या पिंपळखऱ्यांवर. निलंबनाच्या धसक्याने ते महिनाभरात गेले.

त्यांच्या वरिष्ठ कुमुदिनी बागवे मंत्र्यांकडे गेल्या. "साहेब, निदान त्यांच्या नावावरचा डाग पुसा."

"मेलेल्या माणसाची वकिली कशाला करता, बाई? खरा चोर दाखवा, मग बघू."

घोषणेआधी निर्णयाचा मसुदा बाईंकडून बंद पाकिटातून पणन खात्याला, वित्त खात्याला आणि मंत्र्यांना जाई. पुढच्या खेपेला बाईंनी तिन्ही पाकिटांतल्या मसुद्यांत निर्यातबंदी उठणाऱ्या पिकाचे नाव वेगवेगळे घातले.

दोन दिवसांनी भर बैठकीत मंत्री हसत म्हणाले, "काय बाई, सापडला का चोर?"

"पणनला मी हळद कळवली होती, वित्तला तूर. दोन्हींचे भाव जागच्या जागी आहेत. व्यापारी कालपासून लसणावर तुटून पडलेत. आणि लसूण, साहेब, फक्त तुमच्या पाकिटात होता."

बाईंनी पिंपळखऱ्यांच्या निर्दोषत्वाचा आदेश पुढे सरकवला. "मेलेल्या माणसाची वकिली आता तुम्हीच करा. सही इथे."

मंत्र्यांनी सही केली. पिंपळखऱ्यांच्या खुर्चीवर तोवर दुसरा माणूस बसू लागला होता.